ग्राफिक्स कार्ड कसे निवडावे : फक्त नवशिक्यांसाठी

बजेट आधी ठरवावे. पंचवीस हजार, असे कागदावर लिहून तो कागद वडिलांच्या हाती द्यावा. पुढे त्याचा उपयोग नाही. मंजुरी मागताना ‘गेम’ म्हणू नये. एडिटिंग, रेंडरिंग, प्रोजेक्ट, एआय असे काहीतरी म्हणावे. “आहे त्या कॉम्प्युटरला काय धाड भरलीय?” असे आई विचारेल. याला उत्तर नाही, ते शोधूही नये.

आता कार्ड. ते जीबी पाहून घ्यावे. “किती जीबीचं?” हा एकच प्रश्न शेजारी, आतेभाऊ आणि दुकानदार या तिघांनाही कळतो. या नियमाने ४ जीबीचे जीटी ७३० हे ३ जीबीच्या जीटीएक्स १०६० पेक्षा थोर ठरते. खरे तर ते त्याच्या आसपासही फिरकत नाही. चिप दुबळी, मेमरी जुन्या डीडीआर३ जातीची. पण खोक्यावर ४ हा आकडा केवढा तरी मोठा छापलेला असतो.

जीबीवर मन बसत नसेल तर नाव पाहावे. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे २०१७ साली जीडीडीआर५ मेमरी घेऊन आले. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ची आवृत्ती निघाली. नाव तेच, २ जीबी तेच, मेमरीचा वेग मात्र साधारण एक तृतीयांश. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०८० या एकाच नावाची दोन कार्डे जाहीर झाली, १६ आणि १२ जीबीची, आणि दोन्हींच्या चिपाही वेगळ्या. गेमर इतके खवळले की १२ जीबीचे कार्ड बाजारात येण्याआधीच मागे घेतले गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय म्हणून त्याचे नव्याने बारसे झाले. कंपनीलाच जिथे नाव झेपत नाही, तिथे आपण कोण?

एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, विचार करणे कमीपणाचे मानावे. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या डब्यावर ‘४५० वॅट’ असे स्टिकर असते, तेवढे पुरे. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला फार तर ७५ वॅट देतो, आठ पिनांची केबल १५० वॅट. बाकीचा हिशेब गेम रंगात आला की कॉम्प्युटर स्वतःच करेल, बंद पडून. कुणी खरोखर विचारले तर मी ११५ वॅटवर भागवणारे आरटीएक्स ४०६० आणि सोबत चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवेन. पण खरोखर विचारणाऱ्यांसाठी हा लेख नाही. बाकीच्यांनी ४०९० घ्यावे. ते एकटेच ४५० वॅट खाते.

कॅबिनेटची आतली लांबी मोजू नये. हार्ड डिस्कचा पिंजरा कापता येतो.

दहा वर्षांच्या प्रोसेसरशेजारी नवे कार्ड बसवण्यात गैर काही नाही, म्हाताऱ्या बैलाच्या जोडीला घोडा जुंपल्याचे समाधान मिळते. मॉनिटर जुनाच, ६० हर्ट्झचा ठेवावा. कार्ड सेकंदाला २०० फ्रेम काढेल आणि पडदा ६० वेळाच बदलेल. बाकीच्या फ्रेम आपल्याच आहेत, हे लक्षात ठेवून खेळावे.

खरेदीला मुंबईत ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर जावे. हवे ते मॉडेल सांगताच “वो नहीं है, उससे अच्छा देता हूँ” असे उत्तर येईल. ‘उससे अच्छा’ म्हणजे ‘उससे पुराना’, पण भाषेत अडकू नये. सेकंडहँड कार्ड “बस थोडा गेम खेला है” म्हणून मिळते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग थांबले आणि त्यासाठी रात्रंदिवस राबलेली किती तरी कार्डे अशीच थोडा गेम खेळून बाजारात आली. बिल आणि सिरियल नंबर मागितल्यास दुकानदाराला वाईट वाटते.

घरी येऊन कार्ड बसवावे. मॉनिटरची केबल मात्र होती तिथेच, मदरबोर्डच्या एचडीएमआयमध्ये, राहू द्यावी. एक तर पडदा काळा राहील, नाही तर प्रोसेसरमधले जुनेच ग्राफिक्स निमूट काम करत राहील आणि नवे कार्ड अगदी थंड राहील. जमलेले मित्र “काहीच फरक नाही रे” म्हणाले, की ड्रायव्हरला शिव्या घालाव्यात.