नियोजनबाह्य वाढ

गणेशपुरीत ‘बाबा’ म्हटलं की एकच, नित्यानंद बाबा. १९६१ साली त्यांनी देह ठेवला, तरी गावातलं ते पद काही रिकामं झालेलं नाही. त्यामुळे साठी ओलांडून, पांढरी दाढी राखून इथे राहायला आलेल्या माणसालाही लोक फार तर ‘भाऊ’ म्हणतात. आमचे नकाशेभाऊ त्यातलेच. खरं आडनाव निराळं आहे, पण ते सांगण्यात अर्थ नाही, कारण जिथे जिथे गावाने मिळून जंगल राखायचं मनावर घेतलंय, तिथे तिथे हा माणूस असतोच. वनसमितीत कुणाकडे शेळ्या असतात, कुणाकडे कोयता, कुणाकडे नुसताच वेळ. आणि एकाकडे नकाशा.

भाऊ ठाण्याला सरकारी कचेरीत आरेखक होते. उभा जन्म गटारांचे छेद आणि मोऱ्यांचे उतार काढण्यात गेला. निवृत्तीनंतर गरम पाण्याच्या कुंडात गुडघे शेकायला आले आणि पायरीवर बसल्या बसल्या त्यांना गावामागचा उघडाबोडका उतार दिसला. दुसऱ्या कुणाला तिथे डोंगर दिसला असता. भाऊंना कोरा कागद दिसला.

तो कागद आता आम्हा सगळ्यांच्या परिचयाचा आहे. साग पिवळा गोल, ऐन तपकिरी, मोह जांभळा, बांबू म्हणजे हिरवी फुली. सगळे गोल एकाच मापाचे, कारण भाऊंच्या स्टेन्सिलमधलं तेवढंच भोक शाबूत होतं. दोन झाडांमध्ये दोन मीटर, म्हणजे हेक्टरी अडीच हजार. खड्डा पंचेचाळीस सेंटिमीटर लांब, तितकाच रुंद, तितकाच खोल. हा नकाशा पहिल्यांदा उलगडला तो बस स्टँडजवळच्या हॉटेलात, आणि कुणीतरी त्यावर चहाचा ग्लास ठेवला. खालच्या कोपऱ्यात तपकिरी कडं उमटलं. पुढच्या वर्षी भाऊंनी नकाशाची सुधारित प्रत काढली तेव्हा ते कडंही इमानाने उतरून घेतलं आणि सूचीत लिहिलं, ‘पाणवठा’. त्या जागी वनतळं व्हावं असा ठरावही झाला. जागेवर गेलो तेव्हा तिथे म्हशीएवढा काळा कातळ होता. भाऊ म्हणाले, “कातळ नकाशात नाही.” त्यांच्या बाजूने प्रश्न मिटला.

मध्यंतरी ते गडचिरोलीला मेंढा-लेखा बघून आले. देशात सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांपैकी ते एक. २००६चा कायदा, २००९मध्ये हातात पट्टा, १,८०९ हेक्टर जंगल गावाच्या ताब्यात. पट्टा मिळूनही स्वतःचा बांबू विकायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागायचा, त्यावर गाव दोन वर्षं भांडलं, आणि २०११ साली केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः येऊन पासबुक ग्रामसभेच्या हवाली केलं. ही गोष्ट भाऊ अशी रंगवून सांगतात की ऐकणाऱ्याचा चहा निवतो. पण तिथून त्यांनी आणलं काय, तर सर्वसहमती. मेंढ्यात म्हणे बहुमताने निर्णय होत नाही. शेवटच्या माणसाचं समाधान होईस्तोवर चर्चा चालते. तिकडे त्याला अभ्यासगटांची वर्षानुवर्षांची बैठक आहे. आमच्याकडे शेवटचा माणूस म्हणजे शेळ्यावाला. त्याचं समाधान व्हावं अशी त्याचीच इच्छा नव्हती. चराईबंदीचा विषय दिवाळीनंतर निघाला आणि होळीला ठराव झाला: बंदी सर्वांना लागू, शेळ्यांना ती समजावून सांगावी.

पहिल्या पावसाळ्याला रोपं आली. मागणी होती ऐन, मोह, बिवळा, हिरडा, कोशिंब यांची. ट्रकमधून उतरले गुलमोहर आणि गिरिपुष्प. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. दोघंही आमच्या ठाणे जिल्ह्यात पाहुणे. ड्रायव्हर म्हणाला, “झाड ते झाड ना साहेब, सही करा.” भाऊंनी सही केली नाही. त्यांनी पोच लिहून दिली: ‘तपकिरी गोलाऐवजी लाल गोल मिळाले.’ मग पेनांचा डबा काढून रातोरात अर्धा डोंगर लाल केला.

लावणीला वाडीवरच्या बाया होत्या. त्यांच्यातली म्हातारी मावशी एका खुणेपाशी पहार आपटून म्हणाली, “भाऊ, इथं नाय लागायचं. दोन पावलं खाली घे, माती हाय.”

“मावशी, दोन पावलं खाली घेतलं तर ओळ मोडते.”

“कोण बघतो ओळ?”

भाऊंनी आभाळाकडे बोट दाखवलं. मावशीने हात जोडले. भाऊंच्या मनात मात्र उपग्रह होता.

आता खरी गंमत. या भागातलं जंगल पानगळीचं. ऐन, साग, कुडा, पळस ही जात चिवट. वरून तोडली तरी खाली मूळ जागं असतं. आमच्या उतारावर माणूस वर्षानुवर्षं कोयता चालवत आलाय. भाताचं रोप टाकायच्या आधी शेतात राब भाजतात. त्याला लागणारा टहाळ ऐनाचा, आणि ऐन बिचारा दर वर्षी छाटून घेत उभा. जळणाला खोड गेलं की उरतो खुंट. पण शेळ्या दोन पावसाळे लांब राहिल्या (समजावून सांगितल्याने नव्हे, कुंपणाने) आणि खुंटाखुंटाला फुटवे आले. लावलेला गुलमोहर गुडघ्याएवढा होऊन माना टाकत होता, आणि शेजारी न लावलेला ऐन डोक्यावरून गेला होता.

कुणाही माणसाला आनंद झाला असता. भाऊंना घोर लागला. ही झाडं नकाशात नव्हती. ती दोन मीटरवर नव्हती, ओळीत नव्हती, काही तर वाटेतच होती. भाऊंनी स्वतंत्र नोंदवही घातली. खुंटाचा क्रमांक, जात, घेर, फुटव्यांची संख्या, शेजारच्या दोन ठळक खुणांपासूनचं अंतर. वहीवर ठळक अक्षरात शीर्षक: ‘नियोजनबाह्य वाढ’. वनपालसाहेब म्हणाले, “अहो, हेच तर जंगल. एका खुंटावर एक जोमदार फुटवा ठेवा, बाकीचे काढा, झालं काम.” भाऊ म्हणाले, “काढतो. पण ठेवलेल्याची जबाबदारी कोण घेणार?” खुंटामागून खुंट मोजत ते रोज ऊन चढेस्तोवर उतारावर असायचे. काखेत टेप, कानावर पेन्सिल, आणि प्रत्येक खुंटाला पांढऱ्या ऑइलपेंटचा आकडा. खालून पाहिलं की डोंगराला मतदारयादी चिकटवल्यासारखी दिसायची.

फाल्गुनात वणवा आला. जाळरेषा नकाशात लाल शाईने व्यवस्थित होती. उतारावर ती अर्ध्यावर संपली होती, कारण पुढचा पट्टा सर्वसहमतीत अडकला होता. वणवा मारायचा तो ओल्या डहाळीने झोडपून. पण कुऱ्हाडबंदीचा ठराव भाऊंचाच, त्यात डहाळीसुद्धा आलेली. पोरं डहाळी मोडायला धावली तर हे मध्ये उभे: “थांबा, अपवादाचं कलम नाही!” तेवढ्यात ठिणग्या नियोजनबाह्य वाढीच्या दिशेने उडायला लागल्या. भाऊंनी आमच्या डोळ्यांदेखत करकचून एक डहाळी मोडली, तीही तगलेल्या मोजक्या गुलमोहरांपैकी एकाची, आणि विजार धुरकटेपर्यंत झोडपत राहिले. लोकांचं त्यांच्याविषयीचं मत त्या रात्री बदललं. पुढच्या बैठकीत ते पुन्हा पूर्ववत झालं. भाऊंनी स्वतःला एकावन्न रुपये दंड ठोठावला, स्वतःकडून वसूल केला, स्वतःला पावती दिली आणि पावतीवर ‘घेणाऱ्याची सही’ आणि ‘देणाऱ्याची सही’ अशा दोन्ही ठिकाणी वेगवेगळ्या पेनने सही केली.

हसायला ठीक आहे. पण भिवंडी तालुक्यात गोदामांना अंत नाही, आणि गोदामाचं जोतं भरायला मुरूम लागतो, तो कुठल्या तरी टेकडीचा पाय कापूनच येतो. एका सकाळी आमच्या उताराच्या पायथ्याशी जेसीबी उभा राहिला. सोबतच्या माणसाचं म्हणणं होतं की ही पडीक जागा आहे, इथे झाडच नाही. गावाने आरडाओरडा केला. आरडाओरड्याला असली माणसं सरावलेली असतात. मग भाऊ आले. त्यांनी बॉनेटवर नकाशा पसरला, त्यावर नोंदवही, त्यावर प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त, सह्या-अंगठ्यांसकट. “ह्या चाकाखाली खुंट क्रमांक दोनशे चौदा. ऐन. फुटवे तीन. पुढच्या चाकाखाली दोनशे पंधरा. आपण वाचत चला, मी खूण करतो.” तो माणूस सतराव्या खुंटापर्यंत वाचत गेला. मग त्याने फोन केला, फोनवर कुणाला तरी हळूच म्हणाला, “इथे कागद आहेत,” आणि जेसीबी आल्या वाटेने अंबाडीकडे गेला. माझं तर मत झालंय की झाडं वाढवायला माणूस लागतोच असं नाही, पण ती आहेत हे सरकारदरबारी पटवायला असलाच माणूस लागतो.

त्या विजयाने भाऊ अस्वस्थ झाले. ज्या झाडांनी डोंगर वाचवला ती अजून अनधिकृतच होती. त्यांनी ठराव मांडला: नियोजनबाह्य वाढ नियमित करणे. अनधिकृत ते नियमित करून घ्यायचं हे या तालुक्याला नवं नाही, त्यामुळे सर्वसहमती पहिल्यांदाच दहा मिनिटांत झाली. अडलं ते पुराव्यावर. वनहक्क कायद्यात कसणाऱ्याचा ताबा १३ डिसेंबर २००५च्या आधीचा लागतो. भाऊंनी तोच दिनांक खुंटांना लावला. आता खुंट तेव्हा होता हे दाखवायचं कसं? त्याचीही सोय कायद्याच्या नियमांत आहे, वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो. म्हणून वाडीवरच्या सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांना दोघांनी धरून उतारावर आणलं. भाऊंनी वही उघडली.

“आजोबा, हा खुंट क्रमांक एक. तुमच्या आठवणीत हा इथे होता का?”

“व्हता का म्हंजे?” आजोबा खुशीत आले. “माझ्या बापानंच तोडला त्यो! मी पोरगा व्हतो, फांद्या मीच वढल्या.”

भाऊंनी जबाब शब्दशः लिहून घेतला, अंगठा घेतला, आभार मानले, आणि पिशवीतून पावतीपुस्तक काढलं.