थीमवहिनी

आमच्या सोसायटीतल्या थीमवहिनी गोष्टींची पुस्तकं भुकेल्या पोटी वाचतात. गोष्टीत कोण जिंकलं, कोण हरलं, याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं. कोणी काय खाल्लं तेवढं सांगा. अ‍ॅलिसची गोष्ट १८६५ पासून जग वाचतंय. वहिनींनी तिच्यातून नेमकं एवढंच उचललं, की ही मुलगी बाटलीतलं काहीतरी पिऊन लहान होते आणि केक खाऊन वाढते. मागच्या वाढदिवसाला त्यांनी चिमुकल्या बाटल्यांत पियुष भरून प्रत्येकीच्या गळ्यात चिठ्ठी अडकवली. लहान कोणी झालं नाही. केकने वाढतात, हे मात्र आमच्या सोसायटीला आधीपासून माहीत होतं.

यंदा चिरंजीव पाच वर्षांचे झाले. मुख्य आकर्षण एरिक कार्लची १९६९ सालची खादाड अळी. ती सोमवारी एक सफरचंद खाते, मंगळवारी दोन पेअर, असं करत शुक्रवारी पाच संत्री. पुस्तकात पानांनाच भोकं आहेत. वहिनींनी ती फळांना पाडली, म्हणजे पाडायला लावली. हिशेबाने पंधरा फळं. त्यांचे मिस्टर स्टीलचा स्ट्रॉ घेऊन रात्री साडेबारापर्यंत बोगदे खणत होते. (या घरात पुस्तकं वहिनी वाचतात, भोगतात ते.) सकाळी सासऱ्यांनी टेबलावरचं सफरचंद उचललं, चष्मा लावून निरखलं आणि म्हणाले, ‘‘सूनबाई, अख्खी टोपली किडकी निघाली. भाजीवाल्याला परत कर.’’

शेजारी चिऊचं मेणाचं घर: पांढरेशुभ्र उकडीचे मोदक. ते पाच मिनिटांत संपले. काऊचं घरही होतं, पण काऊचं घर शेणाचं, आणि वहिनी मूळ गोष्टीशी प्रामाणिक. चॉकलेट, खजूर आणि अक्रोड कुटून त्यांनी इतका हुबेहूब पो थापला होता, की पोरं टेबलाला वळसा घालून जात होती. एका चिमुरडीने धीर करून विचारलं, ‘‘काकू, हे गाईचं की म्हशीचं?’’

‘फास्टर फेणे’ कोपऱ्यात होता. भा. रा. भागवतांच्या या फुरसुंगीच्या पोराच्या तोंडून ‘ट्टॉक्’ निघतो, म्हणून पाणीपुरी. पुरी फुटली की ट्टॉक् वाजला पाहिजे, अशी योजना. वाढदिवस जुलैचा. पुऱ्या सादळल्या. दाताखाली नुसतंच ‘फुस्स’ झालं. पोरांनी वेफर्सचा पुडा शोधून काढला आणि ती सोफ्यामागे जाऊन बसली. वेफर्स कोणत्या पुस्तकातले, हे कोणीच विचारलं नाही.

मोठ्यांसाठी मात्र साधी पावभाजी होती. बिनथीमची. मी पहिला घास घेतला आणि थबकलो.

‘‘वहिनी,’’ मी हळूच म्हणालो, ‘‘मीठ राहिलंय.’’

‘‘खरंच भाऊजी?’’ त्यांनी बोटाने चाखून पाहिलं. दुसरी एखादी ओशाळली असती. वहिनींचे डोळे चमकले. त्यांनी स्केचपेन घेतलं आणि एक कार्ड लिहून भाजीच्या पातेल्यापुढे उभं केलं: ‘अळणी भाजी — श्यामची आई’.

मी हात टेकले. साने गुरुजींचं ते १९३५ सालचं पुस्तक खोलीतल्या प्रत्येकाने वाचलेलं. श्यामचे वडील मिठाबद्दल अवाक्षर न काढता जेवून उठतात, हे सगळ्यांना पाठ. आता तक्रार करायची कोणाची छाती? दहा-बारा सुशिक्षित माणसं माना खाली घालून निमूट पाव बुडवू लागली. कोणीतरी ‘‘वा, छान!’’ असंही म्हणालं. मिस्टरांनी तर आणखी वाढून घेतली.

तेवढ्यात सासरे कार्ड नाकाजवळ धरून, एकेक अक्षर लावत वाचते झाले. मग त्यांनी ते उलटं घालून टेबलावर ठेवलं.

‘‘सूनबाई, मी श्यामचा बाप नाही. मीठ आण.’’