मजकूर तूच कर

वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि काकांना ‘तीर्थस्वरूप’, हा फरक आमच्या गुरुजींनी छडीच्या साहाय्याने शिकवला. आत वाट्टेल ते लिहा, मायना चुकता कामा नये. त्यामुळे आमची पिढी मायन्याला जन्मभर भ्यायली आणि मजकुराला कधीच भ्यायली नाही. पुढे पत्रं गेली. ती भीती मात्र बाडबिस्तरा घेऊन लग्नपत्रिकेत राहायला आली.

मामेभावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा हे कळलं. दिवाळी अंकात माझं अधूनमधून काहीतरी छापून येतं, या गुन्ह्याबद्दल दादाने फर्मावलं, “मजकूर तूच कर. तुला काय, पाच मिनिटांचं काम!” मी पाच मिनिटांत केलाही. मग समिती बसली.

पहिली ओळ देवांची. आमची कुलस्वामिनी तुळजापूरची, व्याह्यांचा कुलस्वामी जेजुरीचा. कोण डावीकडे, कोण उजवीकडे? दोघांनाही चाललं असतं, भक्तांना चालेना. शेवटी मधे गणपती घातला.

त्यानंतर नावांमागची चिमुकली अक्षरं. चि., चि. सौ. कां., सौ., कै. हा सगळा प्रांत सुरुंग पेरल्यासारखा आहे. चुकीचं अक्षर चुकीच्या नावाला चिकटलं, तर धडधाकट माणूस पत्रिकेतल्या पत्रिकेत कैलासवासी होतो. आमचं गाडं अडलं आत्याशी. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, तेव्हा ‘सौ.’ नाही. ‘श्रीमती’ वहिनीला कोरडं वाटलं. कोपऱ्यातून एक काका पुटपुटले, “पूर्वी गं. भा. लिहीत.” एप्रिल २०२३ मध्ये राज्याचे तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ या शब्दांचा प्रस्ताव चर्चेला पाठवला होता आणि त्यावर केवढी टीकेची झोड उठली होती, हे काकांच्या गावी नव्हतं. आत्याच्या होतं. शिवाय आत्याने शाळेत भूगोल शिकवलेला. ती म्हणाली, “भागीरथी देवप्रयागला अलकनंदेला मिळते आणि तिथून पुढे गंगा म्हणतात. मी देवप्रयागच्या अलीकडची की पलीकडची, ते आधी ठरवा.” काकांनी चहाच्या कपात पाहिलं. “नुसतं नाव घाला,” आत्या म्हणाली, “‘कै.’ तुम्ही लावणारच आहात, तोवर जरा मोकळं राहू दे.” अख्ख्या पत्रिकेत धड लिहिलं गेलेलं नाव मला तेवढं एकच वाटतं.

खरी लढाई मात्र ‘सहकुटुंब सहपरिवार’वर झाली. मी सवयीने लिहून गेलो होतो. भावोजी बँकेत ऑडिटला असायचे. त्यांनी त्या शब्दाखाली लाल रेघ ओढली. “सहकुटुंब म्हणजे चार माणसं. सहपरिवार म्हणजे किती? आकडा सांग. केटरर ताटावर पैसे घेतो.” मला आकडा सांगता येईना. तारेत शब्दामागे पैसे पडत, म्हणून माणसं ‘आई सीरियस, निघा’ एवढ्यावर भागवत. ती तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली आणि आता शब्द फुकट झाले, असं मी धरून चाललो होतो. लग्नपत्रिकेत शब्दामागे ताटं पडतात. ‘सहपरिवार’ गेला. ‘व इष्टमित्रांसह’ तर मी आधीच गुपचूप खोडलं होतं.

आहेराची ओळ त्याहून नाजूक. ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ हे वाचून कोणी रिकाम्या हाताने येत नाही. पाकीट खिशात ठेवून येतो आणि व्यासपीठावर पुढचा माणूस काय करतो ते बघतो. तरीही मी सुचवलं. वहिनीने कपाटातून आहेराची वही काढली. कोणाकडे कधी एकशे एक, कोणाकडे स्टीलचा डबा, सगळी नोंद. “इतकी वर्षं आपण दिलं. आता परत यायची वेळ आली तर ‘आणू नये’ लिहायचं?” मग ‘आणा’ असं लिहिता येतं का? तेही नाही. ती जागा कोरी सोडली. तिथे छापखान्याने दोन मोर घातले.

विनीतांची यादी वयाने लावायची की मानाने, यावर एक आख्खी संध्याकाळ गेली. तिच्याबद्दल मी काही लिहिणार नाही, मला अजून त्या घरी जेवायला जायचंय.

सगळ्यात शेवटी थोरल्या मामांनी हट्टाने एक ओळ घालायला लावली: ‘नजरचुकीने कोणास पत्रिका पोहोचली नसल्यास क्षमस्व.’

मी म्हटलं, “मामा, ज्याला पत्रिकाच पोहोचली नाही, तो ही ओळ वाचणार कशी?”

मामांनी चष्मा कपाळावर सरकवला. “त्याने कशाला वाचायला पाहिजे? त्याच्या शेजाऱ्याला पाठवलीय ना. तो सांगतो बरोबर.”