नानांची लाथ

नाना टायरला लाथ मारतात, ती रागाने नव्हे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची कॅरेट चढली, दोर आवळला, की नाना पिकअपला प्रदक्षिणा घालतात. प्रत्येक चाकाशी थांबून चपलेच्या टाचेने एक टोला द्यायचा आणि तबला लागला की नाही ते बघणाऱ्यासारखी मान कलती करायची. चौथ्या चाकानंतर निकाल: "टणाटण हाय." इतक्या वर्षांत मी दुसरा निकाल ऐकलेला नाही. पंक्चर झालेल्या चाकालाही हाच मिळाला आहे.

असे लाथवाले प्रत्येक स्टँडवर सापडतात. गेज लावा म्हटलं की त्यांच्या हयातीवर शंका घेतल्यासारखं होतं. खरं तर मालवाहू टायरची बाजू इतकी ताठ असते, की आत चाळीस पीएसआय असोत की साठ, चप्पल सारखीच परत येते.

डोळ्यांवरचा विश्वास त्याहून महाग. रेडियल टायर हवा बरोबर असली तरी जमिनीशी जरा फुगलेला दिसतो. नानांना ते पोट खपत नाही. ते आत जाईपर्यंत हवा भरतात. जाताना ओझ्याखाली निभावतं. गाडी दीड टनाची, म्हणजे वीस किलोची पंचाहत्तर कॅरेट. बाजारात हा आकडा बोलीची सुरुवात समजतात. वाशीहून रिकामी परतताना मात्र पिकअप बेडकासारखी येते, मागचे पाटे आणि माझे मणके एकाच तालात वाजतात आणि टायर नेमका मधोमध झिजतो. झीज दाखवली तर नाना म्हणतात, "रबर पयल्यासारखं ऱ्हायलं नाय."

मग नानांच्या थोरल्या पोराने हवा दाखवणारं एक यंत्र आणलं. व्हॉल्व्हवर बसवायच्या चार टोप्या आणि डॅशबोर्डवर, खंडोबाच्या शेजारी, चार आकड्यांचा छोटा पडदा. पोराने माहितीही दिली: अमेरिकेत २००७च्या सप्टेंबरपासून प्रत्येक नव्या मोटारीत आणि साडेचार टनांपर्यंतच्या पिकअपमध्ये अशी यंत्रणा कायद्याने आलीच, ठरलेल्या आकड्याच्या पंचवीस टक्के हवा उतरली की समोर दिवा लागतो. नाना हसले. "पंचवीस टक्के उतरंस्तोवर त्यांना कळतच नाय?" हा प्रश्न, मान्य करायला हवं, अगदीच वेडा नाही.

पण आठ दिवसांत नाना पडद्याचे इतके भक्त झाले की खंडोबाकडे बघणं कमी झालं. आधी आकडा मानत नव्हते. आता मानायचे, पण भलत्या वेळी. साठच्या आसपास भरलेल्या टायरात दर चार अंश उष्णतेला साधारण एक पीएसआय वाढतो. माळशेज उतरेपर्यंत साठचे अडुसष्ट व्हायचे. नाना गाडी बाजूला घेऊन हवा सोडायचे. पहाटे वाशीत टायर निवले की बावन्न. नाना पुन्हा भरायचे. गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर, थंड टायरात मोजायचं, हे मी एकदा सांगितलं. "तीन तास उभा ऱ्हायलो तर तुझ्या टोमॅटोचा रस व्हईल." माल माझा होता. मी गप्प बसलो.

गेल्या महिन्यात पंक्चरवाल्याने डाव्या बाजूच्या दोन टोप्या अदलाबदल करून बसवल्या. त्या रात्री ओतूरच्या पुढे पडद्यावर पुढचं डावं चाक ओरडायला लागलं. नानांनी पंपावर पुढच्या चाकात हवा भरली. पडद्यावर मागचा आकडा चढला. अजून भरली, मागचा अजून चढला. नाना बराच वेळ विचारात पडले. मग माझ्याकडे वळून, मोठं गुपित सांगावं तशा आवाजात म्हणाले, "आतून जोड दिलेला दिसतोय." नंतर जुन्या विद्येला शरण जाऊन चारी चाकांना टाच लावली. टणाटण. पडद्यावर फडकं टाकलं आणि घाट उतरलो.

टोकावड्याच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं. "बगितलं? यंत्र पुढचं म्हनत हुतं," नाना विजयाने म्हणाले आणि जॅक काढायला गेले. स्टेपनीलाही त्यांनी टाच मारून घेतली.

मी दाराशी टॉर्च धरून उभा होतो. दाराच्या खांबावर कंपनीने हवेचा तक्ता चिकटवलेला असतो. तिथे नानांनी 'आईचा आशीर्वाद' लावला आहे. नखाने कोपरा खरवडला, तेव्हा पुढच्या चाकांचा आकडा दिसला. मागच्यांचा अजून आशीर्वादाखालीच आहे.