टेक दुसरा, मुक्काम मोडनिंब

1970 साली ॲन आर्बर गावची पोरं लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत दुसरा अल्बम करायला पोचली. बँडचं नाव द स्टूजेस, गायक इगी पॉप, वय 23. निर्माता डॉन गलुचीनं ठरवलं, ही पोरं स्टेजवर वाजवतात तशीच इथं वाजवतील. आवाज शोषणारी आवरणं त्यानं स्टुडिओतून काढायला लावली. रोज एकच गाणं, पुन्हा पुन्हा.

'फन हाउस' खपला नाही.

पण 1999 मध्ये त्याच रेकॉर्डिंगचे टेक सात सीडींच्या संचात बाहेर आले. एकाच गाण्याचे इतके टेक कोण ऐकतं? कान असणारे ऐकतात. कारण प्रत्येक टेक वेगळा असतो.

आता मोडनिंबला या.

पुणे-सोलापूर महामार्गावरचं, माढा तालुक्यातलं हे गाव लावणीच्या कलाकेंद्रांसाठी ओळखलं जातं. नाव काढलं की काही जण गालातल्या गालात हसतात. त्यांनी हसणं थांबवावं आणि जरा ऐकावं.

गॅरेज रॉक म्हणजे तरी काय? मोटार ठेवायच्या जागेत, हाताशी असतील त्या वाद्यांवर, सफाईची पर्वा न करता जीव तोडून वाजवणं. इथल्या संगीत बारीत, म्हणजे लावणीच्या पार्टीत, ढोलकी, तबला, पेटी आणि दोन-तीन तयार गळे असतात. समोर मागणी करणारे प्रेक्षक, आणि आपली पाळी संपली की दुसरी पार्टी तयारच. मग कमी काय आहे?

बैठकीची लावणी एकदा नीट बघा. बाई एकच ओळ धरते. आधी रुसून, मग विनवून, तिसऱ्यांदा नुसती भुवई उचलून. शब्द तेच, अर्थ दरवेळी नवा. ढोलकीवाल्याची नजर तिच्या चेहऱ्यावर खिळलेली, कारण पुढचा ठेका तिथूनच सुटणार असतो. पेटी सूर धरून थांबते. ओळ पुन्हा उठते.

हे टेक कोण जपून ठेवतंय?

सात सीडींचं सोडा. एका रात्रीचं धड रेकॉर्डिंग किती पार्ट्यांकडे असेल? मोबाइलवरची थरथरती क्लिप मी धरत नाही.

घराघरांत पोचली ती सिनेमातली लावणी. 'पिंजरा' 1972 चा, 'नटरंग' 2010 चा. दोन्हींचं संगीत अव्वल, वाद नाही. पण ते स्टुडिओत एकदा पक्कं झालं, ते झालं. मंडळाच्या मांडवात तेच, शाळेच्या गॅदरिंगला तेच. आणि बारीला आलेला प्रेक्षकही फर्माईश करतो ती त्याचीच! मग जुनी बैठकीची लावणी शिकायची कुणासाठी?

त्यात डीजे. तो लागला की ढोलकीवाल्याचं पोट गेलं, इतका साधा हिशेब आहे.

लावणी गायिका यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली 2012 मध्ये, नव्वदी उलटल्यावर. भूषण कोरगावकरांचं 'संगीत बारी' हे पुस्तक आलं 2014 मध्ये, आणि हे जग मनापासून कागदावर उतरलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. पण ढोलकी कागदावर वाजत नाही.

सोलापुरात आकाशवाणी आहे, विद्यापीठ आहे. पुण्या-मुंबईत आपल्या बँडच्या दुसऱ्या अल्बमसाठी पैसे जमवणारी, माइक कुठे लावायचा हे नेमकं कळणारी पोरं आहेत. मोडनिंब कुणालाच लांब नाही.

तेव्हा या. पार्टीला वातानुकूलित स्टुडिओत नेऊ नका, बारी जिथं रंगते तिथंच माइक लावा. तरण्या पोरी आणि तरणे ढोलकीवाले हातात आहेत तोवर लावा. एकेका ओळीचे सगळे टेक ठेवा, एकही पुसू नका. गाणारणीइतकंच ठळक नाव पेटीवाल्याचं आणि ढोलकीवाल्याचं छापा. आणि मानधन रेकॉर्डिंगच्या आधी हातात द्या.