आमचं ठरलंय, पण काय?

1957 साली कोल्हापूरनं दिल्लीला दोन खासदार पाठवले. मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं होती. सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर निवडून आले आणि राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे शंकरराव दिगे. दोघंही संयुक्त महाराष्ट्र समितीचे. काँग्रेसला कोल्हापूरनं दोन्हीकडे घरी बसवलं. गावकुसाच्या आतला शेतकरी आणि बाहेरचा शेतमजूर एका बाजूनं मत देतात, आणि तेही एकमेकांच्या माणसाला, हे त्या वर्षी इथं घडलं. आघाडी कशाला म्हणतात हे ज्याला समजून घ्यायचं असेल त्यानं जागावाटपाचे आकडे बाजूला ठेवून हा निकाल आधी बघावा.

हे आभाळातून पडलं नव्हतं. 1920 च्या माणगाव परिषदेत शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका मांडवात बसले होते. कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुल्यांचा आणि बाबासाहेबांचा पुतळा 1950 मध्येच उभा राहिला, बाबासाहेब हयात असताना, आणि त्यामागे भाई माधवराव बागल होते. जमीन नांगरून तयार होती. समितीनं फक्त पेरलं.

पण समिती तरी काय होती? फेब्रुवारी 1956 मध्ये पुण्यात स्थापन झालेली, एकमेकांचं तोंड बघायला तयार नसलेल्या पक्षांची मोट. प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, फेडरेशन यांच्या जोडीला हिंदू महासभा आणि जनसंघसुद्धा. कम्युनिस्ट डांगे आणि समाजवादी एसेम जोशी एका व्यासपीठावर आले ते मुंबईत गोळीबारात पडलेल्या माणसांमुळे. मागणी एकच होती, मुंबईसह मराठी राज्याची, आणि तिची किंमत रक्तानं मोजली गेली होती. म्हणून 1957 ला पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेस अशी हादरली की खुद्द यशवंतराव चव्हाण कराडात जेमतेम वाचले. द्वैभाषिक मुंबई राज्यातलं काँग्रेसचं सरकार टिकलं ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जिवावर.

1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. दोन वर्षांनी, 1962 च्या विधानसभेत, 264 पैकी 215 जागा काँग्रेसच्या. शेकाप 15, प्रजा समाजवादी 9, कम्युनिस्ट 6, रिपब्लिकन 3. कोल्हापूरची लोकसभाही काँग्रेसकडे परतली.

गरज सरली आणि वैद्य मेला, असं म्हणून आपण हा विषय मिटवतो. मला ते पटत नाही. गरज सरली कुठं होती? बेळगाव, कारवार, निपाणी बाहेरच राहिलं. कोल्हापुरातून निघालं की तासाभरात निपाणी येते, तिथला माणूस अजून सीमाप्रश्नाच्या खटल्याच्या तारखा मोजतोय. मागणी अर्धी होती तेव्हाच प्रजा समाजवादी बाहेर पडले. चीनवरून समाजवादी आणि कम्युनिस्टांचं फाटलं. रिपब्लिकन पक्ष स्थापनेनंतर दोन वर्षांत दुभंगला. प्रत्येकाला आपला झेंडा आधी आठवला.

आणि याहून मोठी चूक वेगळी होती. राज्य मिळाल्यावर उसाचं, पाण्याचं, कर्जाचं काय करायचं, हे समितीनं एकत्र बसून ठरवलंच नाही. यशवंतरावांनी ठरवलं होतं. साखर कारखाने, सोसायट्या, 1962 पासून जिल्हा परिषदा. इचलकरंजीला रत्नाप्पाण्णा कुंभारांचा पंचगंगा कारखाना, 1963 ला जिल्हा दूध संघ. शेकापचा कार्यकर्ता सकाळी लाल बावटा घेऊन मोर्चात जायचा आणि संध्याकाळी पीककर्जासाठी चेअरमनच्या सोप्यात बसायचा. चेअरमन काँग्रेसचा. उसाची नोंद त्याच्याकडे, तोडीची टोळी त्याच्याकडे, बिल काढणं त्याच्याकडे. असा कार्यकर्ता किती निवडणुका तग धरणार? त्याला गद्दार म्हणणं सोपं आहे. पक्षानं त्याच्यासाठी दुसरा सोपा बांधला नव्हता, हे कबूल करणं जड जातं.

पुढं 1978 ला शरद पवारांचं पुलोद, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार आलं. शेकापचे एन. डी. पाटील सर त्यात सहकारमंत्री झाले. फेब्रुवारी 1980 मध्ये ते सरकार बरखास्त झालं. 1985 ला सर विरोधी आघाडीकडून कोल्हापुरातून आमदार झाले आणि पुढच्याच वर्षी शरद पवार काँग्रेसमध्ये परतले. आघाडीचा नेता उठून गेला, सर शेकापमध्येच राहिले.

आता आपल्या डोळ्यांसमोरचं. 2019 च्या लोकसभेला कोल्हापूरच्या भिंतींवर ‘आमचं ठरलंय’ झळकलं. ठरलं काय होतं? काँग्रेसच्या सतेज पाटील यांच्या गटानं मित्रपक्ष राष्ट्रवादीचे धनंजय महाडिक यांना पाडायचं आणि शिवसेनेच्या संजय मंडलिकांना निवडून आणायचं. तसं झालंही. काही महिन्यांत तीच शिवसेना महाविकास आघाडीत आली, म्हणून हिशेब जुळल्यासारखा दिसला. जिल्ह्यात खरी आघाडी कायम गटांचीच राहिली. पक्षांची नावं तिला वरून चिकटवलेली.

जून 2024 ला महाविकास आघाडीचे, काँग्रेसचे शाहू छत्रपती दीड लाखांवर मतांनी खासदार झाले. गुलाल अंगावरून उतरायच्या आत, नोव्हेंबरात, जिल्ह्यातल्या दहा विधानसभा जागांपैकी आघाडीला मिळाली एकही नाही. कोल्हापूर उत्तरमध्ये तर काँग्रेसनं आधी राजेश लाटकरांना उमेदवारी दिली, नगरसेवकांनी विरोध केल्यावर ती शाहू छत्रपतींच्या सूनबाई मधुरिमाराजेंना दिली आणि 4 नोव्हेंबरला, माघारीच्या शेवटच्या दिवशी, मधुरिमाराजेंनी अर्ज मागं घेतला. शाहूंच्या नगरीत मतदान यंत्रावर पंजाच नव्हता! मतदार शोधत राहिला आणि पक्षानं मग अपक्ष लाटकरांचा प्रेशर कुकर दाखवला. हे मतदारानं का सहन करावं?

पराभवानंतर बोट दाखवलं गेलं ते ‘लाडकी बहीण’ योजनेच्या महिना पंधराशेकडं. पण आघाडीचं उत्तर काय होतं? आम्ही तीन हजार देऊ. लिलावात बोली वाढवणं हा कार्यक्रम नव्हे. ऊसतोड मजुराचं काय, इचलकरंजीच्या बंद पडणाऱ्या मागांचं काय, दरवर्षी पंचगंगेचा पूर अंगावर घेणाऱ्या शिरोळचं काय, यावर तिन्ही पक्षांचा मिळून एक कागद कुणी पाहिला असेल तर मला आणून दाखवावा.

हे जमत नाही असं कोल्हापुरात तरी कुणी म्हणू नये. टोलविरोधी कृती समिती याच शहरानं चालवली. एन. डी. सर आणि कॉम्रेड गोविंद पानसरे पुढं, मागं लाल बावटा, भगवा, तालमी, रिक्षावाले, आयाबाया. तिथं तिकीट नव्हतं, पद नव्हतं, निवडणूकही नव्हती. पानसरेंवर 16 फेब्रुवारी 2015 ला सकाळी घराजवळ गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी ते गेले. समिती मोडली नाही. त्याच वर्षाअखेरीस टोल रद्द झाला.

सर जानेवारी 2022 मध्ये गेले. उसाच्या बिलावर, पुरावर, मागावर अशी सगळ्यांची बैठक बोलावायला आता जिल्ह्यात कोण आहे? आघाडीच्या तिन्ही जिल्हाध्यक्षांनी याचं उत्तर द्यावं, आणि पुढच्या उमेदवारी अर्जांच्या आधी द्यावं.