सीमाभागातील निसर्गदिनांचे वेळापत्रक

बेळगाव-निपाणी पट्ट्यातील महाविद्यालयांत निसर्गाचे वर्ष जूनमध्ये उगवते आणि मे अखेरीस मावळते. या पट्ट्यावर दोन विद्यापीठांचे राज्य आहे. एक कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, स्थापना १९६२. दुसरे बेळगावजवळ भूतरामनहट्टीचे राणी चन्नम्मा विद्यापीठ, स्थापना २०१०. निपाणी शहर कर्नाटकात, पण शहराला खेटून असलेले अर्जुननगरचे देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. गावातले बागेवाडी कॉलेज मात्र चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न. त्यामुळे एकाच ढगाखाली भिजणाऱ्या दोन रोपांची नोंद दोन राज्यांच्या फायलींत होते. रोपांची याबद्दल अद्याप तक्रार आलेली नाही.

निसर्गदिन साजरा करण्याचा हेतू पुरावा तयार करणे हा असतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात पर्यावरणाला गुण आहेत आणि ते मिळवायचे तर जिओटॅग फोटो लागतो: खाली अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ आणि गावाचे नाव छापलेला. इतरत्र ही साधी बाब आहे. सीमेवर ती नाजूक होते, कारण फोटोच्या तळाशी मोबाइल राज्याचे नावही छापतो, आणि ज्या सीमाप्रश्नावर १९६६ साली महाजन आयोग नेमावा लागला व ज्यासाठी महाराष्ट्र २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात उभा आहे, त्याचा निकाल हे यंत्र अर्ध्या सेकंदात देऊन टाकते.

वर्षातला पहिला कार्यक्रम ५ जूनचा जागतिक पर्यावरण दिन. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर तो ठरला, १९७३ पासून पाळला जातो. या तारखेला बेळगावात वळवाने माती जेमतेम ओली झालेली असते आणि खाली जांभ्याचा कडक मुरूम असतो. त्यात पहार घालणे हे काम आदल्या दिवशी एनएसएसच्या मुलांकडे जाते. म्हणूनच एकदा पडलेला खड्डा इथे जिवापाड जपतात. संवर्धनाचे तत्त्व कॅम्पसवर सर्वांत काटेकोरपणे पाळले जाते ते खड्ड्याच्या बाबतीत. समारंभाच्या वेळी प्रमुख पाहुणे, प्राचार्य, संस्थेचे दोन संचालक आणि विभागप्रमुख असे पाच जण एकाच झारीला हात लावतात. रोप हातभर, झारी एक, हात पाच. पाणी बहुतेक पाहुण्यांच्या बुटांवर पडते. फोटोग्राफर “सर, जरा इकडे” म्हणतो, पाचही चेहरे कॅमेऱ्याकडे वळतात आणि रोप काळ्या पिशवीसकट खड्ड्यात कलंडते. २०१८, २०२३ आणि २०२५ या तिन्ही वर्षी या दिवसाचा जागतिक विषय प्लास्टिक प्रदूषण हाच होता. तो विषय मागच्या फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत छापला की पिशवीचा प्रश्न सुटतो.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सव. कन्हैयालाल मुन्शी केंद्रात मंत्री असताना १९५० मध्ये तो सुरू झाला. यासाठी नवा खड्डा लागत नाही, याचे कारण वर आलेच आहे.

ऑगस्टमध्ये अधिकृत दिवस फारसे नाहीत, आणि नेमके त्याच महिन्यात निसर्ग स्वतः येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा आणि दूधगंगा पात्र सोडून पसरल्या आणि निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गच बंद पडला. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या जाधवनगरात आणि मग गोल्फ मैदानात बिबट्या दिसला. कॅमेरे लागले, पिंजरे लागले, शिमोग्याजवळच्या सक्रेबैलू तळावरून हत्ती आणले, आसपासच्या शाळांना कित्येक दिवस सुटी दिली. बिबट्या सापडला नाही. शहराच्या इतिहासातला सर्वाधिक उपस्थितीचा वन्यजीव कार्यक्रम हाच म्हणायचा, पण त्याला ना उद्घाटक, ना आभारप्रदर्शन; सहभाग प्रमाणपत्रेही निघाली नाहीत. साहजिकच अहवालात त्याला जागा नाही.

वन्यजीव सप्ताह अधिकृतपणे २ ते ८ ऑक्टोबरला येतो. चन्नम्मा विद्यापीठाला ही मोठी सोय आहे, कारण प्राणिसंग्रहालय भूतरामनहट्टीतच आहे. भित्तिचित्र स्पर्धेत वाघ निघतो, हत्ती निघतो. गेल्या काही वर्षांत ध्रुवीय अस्वलही सीमाभागात बरेच दिसू लागले आहे. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्याच्या परिसरात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. तिथे राहणारे रॉटनचे वटवाघूळ जगात मोजक्याच ठिकाणी सापडले आहे, आणि कित्येक दशके ते फक्त इथलेच मानले जात होते. ते कुणी काढत नाही. दिसायला बरे नाही, आणि परीक्षकांना ओळखू येत नाही.

१ नोव्हेंबरला निसर्ग विश्रांती घेतो. त्या दिवशी बेळगावच्या एका भागात कर्नाटक राज्योत्सव असतो, दुसऱ्या भागात मराठी भाषकांचा काळा दिन, आणि बंदोबस्त दोन्हीकडे.

५ डिसेंबरचा जागतिक मृदा दिन थायलंडचे राजे भूमिबोल यांच्या जन्मदिवसावरून ठरला; २०१४ पासून तो अधिकृत आहे. बेळगावात तो विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या आगेमागे येतो, म्हणजे मातीवर बोलायचे तर आधी जमावबंदी आहे का ते विचारावे लागते. वक्ता कोल्हापूरचा असेल तर राज्यसीमेवरच्या कोगनोळी नाक्याचाही अंदाज घ्यावा. २०२२ च्या ६ डिसेंबरला महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावला यायचे होते; त्यांना प्रवेशबंदी झाली आणि दौरा राहिला. दोघांपैकी चंद्रकांत पाटील तेव्हा उच्च शिक्षणमंत्री होते. जिथे उच्च शिक्षणमंत्र्यांची ही गत, तिथे मृदाशास्त्राच्या व्याख्यात्याने ऑनलाइन बोललेलेच बरे. व्याख्यानात मातीचा एक इंच थर तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात हे सांगितले जाते. शहापूर-वडगावच्या शिवारातला बेळगावी बासमती ज्या मातीत पिकला, तिच्यावरून जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपासचा उल्लेख विषयांतर ठरतो.

२ फेब्रुवारीचा पाणथळ दिन उरकतो. २२ मार्चचा जलदिन मात्र उरकता येत नाही, कारण म्हादई खानापूर तालुक्यातच उगम पावते. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या पाण्यातून गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी दिले. तेव्हापासून एकच स्लाइड शो थोड्या फेरफाराने दोन राज्यांत चालतो. धारवाड-बेळगावात पाणी समुद्रात वाया जाते, पणजीत तेच पाणी वळवल्याने खारे पाणी आत शिरते, आणि कणकुंबीच्या जंगलातल्या वाड्यांत प्रोजेक्टर पोचत नाही. महाराष्ट्रात म्हादईपेक्षा अलमट्टीची उंची अधिक गाजते. धरण ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायचे की नाही, यावर कृष्णेच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला एकाच विषयाची दोन अभ्यासपत्रे उपलब्ध आहेत. उन्हाळ्यात कर्नाटक वरून पाणी सोडा म्हणतो, पावसाळ्यात महाराष्ट्र खालचे दरवाजे उघडा म्हणतो. दोन्ही मागण्यांच्या परिसंवादांना चहा एकाच प्रकारचा असतो.

वर्षाचा शेवट ३१ मे रोजी तंबाखूविरोधी दिनाने होतो, आणि निपाणीत हा वर्षातला सर्वांत अवघड कार्यक्रम आहे. इथल्या काळ्या रानात पिकणाऱ्या विडीच्या तंबाखूवर गावाचा व्यापार उभा राहिला. शरद जोशींच्या नेतृत्वाखाली १९८१ मध्ये तंबाखू उत्पादकांनी भावासाठी याच गावात महामार्ग अडवला, गोळीबार झाला, शेतकरी मेले. अशा गावात सभागृहातली मुले उजवा हात पुढे करून तंबाखूला स्पर्श न करण्याची शपथ घेतात. त्यांतल्या काहींची फी वखारीतल्या हजेरीवर भरलेली असते, काहींची आईने वळलेल्या विड्यांवर. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. पिकवायला, वाळवायला आणि कुटायला नाही. शपथ झाल्यावर प्रमाणपत्रे वाटतात, फोटो निघतो, आणि बाहेर आलेल्या मुलांना वखारीकडून येणाऱ्या खकाण्याने शिंका येतात. फोटोखाली तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश नीट उमटले की फाइल पूर्ण होते व जूनच्या रोपांची मागणी वनखात्याच्या रोपवाटिकेकडे जाते.